आधीं कोणतें, मागाहून कोणतें?

घरांतील वडील बंधु साताऱ्यास, धाकटे सांगलीस, आणि दोघांच्या नांवचें बँकेंतील खातें मात्र एक, अशी स्थिति आज पुष्कळ घरांची आहे. त्या खात्यांत दहा हजार रुपये शिल्लक आहेत असें धरूं. सकाळीं दहाच्या सुमारास वडील बंधूंनीं साताऱ्याच्या यंत्रापाशीं जाऊन आठ हजारांची मागणी केली, आणि त्याच सुमारास धाकट्यांनीं सांगलीस सात हजारांची. दोन्ही मागण्या पुरवाव्या तर बँकेस पांच हजारांची खोट. दोन्ही नाकाराव्या तर घरांत कोणाचें तरी काम अडून राहणार. ज्याची मागणी आधीं त्यास पैसे द्यावे, हा न्याय कोणासहि पटेल. परंतु आधीं कोणाची, हें ठरवावयाचें कसें? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. तो सोडविण्यांत गेलीं पन्नास वर्षें जगांतील मोठमोठ्या बुद्धिमंतांनीं खर्च केलीं आहेत, आणि त्यांत कांहीं नांवें मराठी आहेत, म्हणून ही हकीकत आमच्या वाचकांस सांगावी असें वाटतें.

एका पेढीवर एकच कारकून एकच खतावणी घेऊन बसे, तोंवर हा प्रश्न उद्भवत नव्हता. जो गादीपुढें आधीं उभा राहिला त्याची नोंद आधीं. आतां एकाच खतावणीच्या तीन, पांच, क्वचित् अधिक प्रती निरनिराळ्या गांवचीं यंत्रें बाळगीत असतात. एका ठिकाणीं आग लागली, वीज गेली, पूर आला, तरी दुसरीकडची प्रत शाबूत राहावी हा त्यांतील हेतु. सांगलीकरांस तो समजावून सांगण्याची गरज नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी ज्यांच्या माजघरांत शिरलें, त्यांस परगांवीं ठेवलेल्या कागदांची किंमत चांगली कळली आहे. अशा रीतीनें एकमेकांपासून दूर असलेल्या, केवळ निरोपांच्या धाग्यानें जोडलेल्या, आणि तरीहि बाहेरच्या माणसास एकच भासणाऱ्या यंत्रसमूहास वितरित संगणकव्यवस्था असें म्हणतात. या शास्त्राचे एक आद्य आचार्य, अमेरिकेंतील लेस्ली लॅम्पोर्ट, यांनीं १९८७ सालीं तिचें लक्षण विनोदानें असें केलें होतें, कीं ज्या यंत्राचें अस्तित्वहि आपणांस ठाऊक नाहीं तें बिघडल्यामुळें आपलें यंत्र निरुपयोगी होतें, ती वितरित व्यवस्था. विनोदाचा भाग सोडला तरी लक्षण अव्याप्त नाहीं.

कोणी म्हणेल, यांत अडचण ती काय? प्रत्येक यंत्रांत घड्याळ आहे. मागणी आली कीं वेळ टिपावी, आणि दोन वेळा ताडून पाहाव्या. पण घड्याळ ही वस्तु जितकी परिचित तितकीच फसवी आहे. सूर्यालाच घड्याळ मानलें तर सातारा सांगलीच्या पश्चिमेस सुमारें अर्ध्या अंशाहून थोडा अधिक असल्यामुळें सांगलीचा माध्यान्ह साताऱ्याच्या आधीं सव्वादोन मिनिटांनीं होतो. म्हणजे दोन्ही गांवीं सूर्य डोक्यावर आला तेव्हां बारा वाजले असें मानणारीं घड्याळें दोन्ही खरीं, आणि तरी एकमेकांशीं न जुळणारीं. ही अडचण काढण्यासाठीं १ जानेवारी १९०६ पासून सर्व हिंदुस्थानास एक प्रमाणवेळ लावून दिली गेली. मुंबईकरांस ती मानवली नाहीं. मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें. ती टाकून सरकारी वेळ घेण्यास तेथील लोकांनीं जो विरोध केला तो इतका चिवट होता, कीं ‘मुंबई टाइम’ पुरता नाहींसा होण्यास १९५५ साल उजाडावें लागलें. त्या काळांत मुंबईहून आलेल्या पाहुण्यानें ‘दहा वाजतां निघालों’ असें सांगितलें, तर कोणते दहा, असा प्रतिप्रश्न करणें क्रमप्राप्त होतें.

संगणकांनीं सर्वांची वेळ एक मानली तरी यंत्रांतील घड्याळें सारखीं चालत नाहींत. त्यांतील स्फटिक थंडीनें, उष्णतेनें, वयानें मागेंपुढें होतो, आणि दिवसाकांठीं एखाद्या सेकंदाचा फरक सहज पडतो. आपणांस सेकंद म्हणजे कांहींच नव्हे. यंत्र मात्र तेवढ्यांत कोट्यवधि क्रिया उरकतें. बरें, दुसऱ्यास वेळ विचारून आपलें घड्याळ लावावें, तर तो निरोप वाटेंत किती काळ रेंगाळला हें नक्की कळत नाहीं. परगांवच्या आप्तास ‘आतां किती वाजले?’ असें पत्रानें विचारावें आणि उत्तर आलें कीं त्याबरहुकूम घड्याळ लावावें, तसाच हा प्रकार. जाण्यायेण्यास मिळून किती वेळ लागला तो मोजतां येतो. पण त्यांपैकीं जातांना किती आणि येतांना किती, हें अनुमानानेंच ठरवावें लागतें.

१९७८ च्या जुलै महिन्यांत लॅम्पोर्ट यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यांत या प्रश्नाची मांडणीच बदलून टाकली. घड्याळाचा नाद सोडा, असें त्यांचें म्हणणें. आधीं-मागाहून हा संबंध वेळेवर अवलंबून नसून निरोपावर अवलंबून आहे. एकाच यंत्रांत जी गोष्ट अगोदर घडली ती अगोदरची, हें उघड आहे. दोन यंत्रांच्या बाबतींत, निरोप धाडणें हें निरोप पोंचण्याच्या अगोदरचें. हेंहि तितकेंच उघड. या दोन कड्या जोडीत गेलें कीं जी साखळी होईल, तेवढाच पौर्वापर्यसंबंध निश्चित; त्याबाहेरचा नाहीं. आपल्या नदीचेंच उदाहरण घ्या. साताऱ्याजवळ माहुलीच्या संगमावरून गेलेलें पाणी कऱ्हाडावरून वाहत सांगलीच्या आयर्विन पुलाखालीं येतें. माहुलीचें तें पाणी आधीं वाहिलें आणि सांगलीस मागाहून आलें, हें सांगण्यास कोणाच्याहि मनगटावर घड्याळ असण्याची जरूरी नाहीं. पाणीच साक्षीदार आहे. पण साताऱ्यास पडलेली एक सर आणि मिरजेस पडलेली दुसरी, यांत आधींची कोणती? त्यांच्यांत कोणताच निरोप गेला नाहीं. लॅम्पोर्ट अशा दोन घटनांस युगपत् म्हणतात, आणि युगपत् याचा अर्थ ‘एकाच क्षणीं’ असा नव्हे. ‘पहिलीचा परिणाम दुसरीवर किंवा दुसरीचा पहिलीवर होणें शक्य नव्हतें’ इतकाच आहे.

न्यायवैशेषिक वाचलेल्या वाचकांस येथें कणादाची आठवण होईल. काळ डोळ्यांस दिसत नाहीं, तो लिंगांवरून अनुमानावयाचा. आणि तीं लिंगें म्हणजे परत्व, अपरत्व, यौगपद्य, चिरत्व व क्षिप्रत्व. पूर्वापरभाव हा काळाचा पुरावा, असा हा क्रम आहे. यावरून कणादमुनींस संगणक अवगत होता असें अनुमान कोणी काढूं नये. तसलीं अनुमानें हल्लीं फार स्वस्त झालीं आहेत. लॅम्पोर्ट यांस ही दृष्टि लाभली ती, त्यांनींच सांगितल्याप्रमाणें, आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाच्या अभ्यासामुळें. दूरदूरच्या दोन घटनांचा एक ‘आतां’ नसतो, हें १९०५ पासून पदार्थविज्ञानांत मान्य झालें होतें. तें पेढीच्या खतावणीसहि लागू आहे, हें ओळखण्याचा मान यांचा.

या विचाराला त्यांनीं जी रीत जोडून दिली ती चौथीच्या मुलासहि समजेल. साताऱ्याच्या व सांगलीच्या कारकुनांनीं घड्याळ पाहूं नये. प्रत्येक नोंदीस अनुक्रमांक घालावा. पत्र धाडतांना तो अंक पत्रावर लिहावा. पत्र घेणाऱ्यानें आपला अंक व पत्रावरील अंक यांत जो मोठा असेल त्याच्या पुढचा अंक आपल्या नोंदीस द्यावा. सातारकर सातव्या अंकावर आहेत व त्यांनीं पत्र धाडलें. सांगलीकरांच्या अवघ्या तीन नोंदी झाल्या आहेत. पत्र हातीं येतांच सांगलीकर चार न लिहितां आठ लिहितील. आतां कारणाचा अंक लहान आणि कार्याचा मोठा, हा नियम कधींहि भंगणार नाहीं. दोन गांवांचे अंक सारखे पडले, तर गांवाच्या नांवाच्या अकारविल्हे क्रमानें निवाडा करावा. तो मनमानी आहे खरा, पण सर्वत्र एकच असल्यानें भांडण राहत नाहीं.

तरी त्यांत एक उणीव आहे. कारणाचा अंक लहान असतो. पण लहान अंक दिसला म्हणून तें कारणच असेल असें नाहीं. धूर तेथें अग्नि, पण अग्नि तेथें धूर असेलच असें नाहीं, हें तर्कसंग्रह पढलेल्यांस सांगावयास नको. ही उणीव १९८८ च्या सुमारास कॉलिन फिज आणि फ्रीडेमान मॅटर्न या दोघांनीं स्वतंत्रपणें दूर केली. प्रत्येकानें केवळ आपला अंक न ठेवतां सर्वांच्या अंकांची यादी बाळगावी, मग दोन याद्या ताडून पाहिल्या कीं घटना संबंधित आहेत कीं युगपत् हें बिनचूक कळतें. मात्र यंत्रें हजार असतील तर प्रत्येक निरोपावर हजार अंक लिहावयाचे! लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेवर ‘आपले विनीत’ म्हणून साऱ्या भाऊबंदांचीं नांवें छापूं लागलें, तर आमंत्रणास जागा उरत नाहीं, तसेंच हें. निरोपासोबत कमींत कमी किती ओझें पाठवून त्यांचा क्रम राखतां येईल, या प्रश्नावर ज्यांनीं महत्त्वाचें काम केलें त्यांत शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठांतील प्राध्यापक अजय क्षेमकल्याणी यांचें नांव ठळक आहे. मुकेश सिंघल यांच्यासह त्यांनीं लिहिलेला या विषयावरील विस्तृत पाठ्यग्रंथ केंब्रिज विद्यापीठानें २००८ सालीं प्रसिद्ध केला.

दुसरें नांव संदीप कुळकर्णी यांचें. हे मिशिगन राज्य विद्यापीठांत प्राध्यापक असून, व्यवस्थेंत बिघाड झाला तरी ती आपली आपण पूर्वपदावर कशी यावी हा त्यांच्या अभ्यासाचा मूळ विषय आहे. २०१४ सालीं त्यांनीं मुरात देमिरबास व इतर सहकाऱ्यांसह जी युक्ति मांडली ती आम्हांस या सगळ्या प्रकरणांत विशेष आवडली, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतों. लॅम्पोर्ट यांच्या अनुक्रमांकांनीं क्रम कळतो. पण ‘काल सायंकाळीं सहा वाजतां खात्यांत किती शिल्लक होती?’ असें विचारलें तर ते मुके राहतात. घड्याळाचें उलट आहे. तें वेळ सांगतें, पण क्रम चुकवितें. कुळकर्णी यांनीं दोहोंचा संकर केला. समजा, साताऱ्याचें घड्याळ दोन-तीन मिनिटें पुढें आहे. तेथून १० वाजून ५ मिनिटांची नोंद असलेलें पत्र निघालें, आणि तें सांगलीस पोंचलें तेव्हां तेथील घड्याळांत १० वाजून ३ मिनिटेंच झालीं होतीं. सांगलीकरानें प्रामाणिकपणें १०.०३ लिहिलें तर उत्तर प्रश्नाच्या आधीं गेलें असें दफ्तरीं दिसेल. म्हणून त्यानें पत्रावरील वेळच घ्यावी, आणि पुढें एक छोटा उपांक घालावा : १०.०५, उपांक १. पुढची नोंद १०.०५, उपांक २. त्याचें स्वतःचें घड्याळ १०.०६ वर आलें कीं उपांक पुसून पुन्हां घड्याळाप्रमाणें चालावें. अशा रीतीनें कारण आणि कार्य यांचा क्रम कधीं उलटत नाहीं, आणि लिहिलेली वेळहि खऱ्या वेळेपासून फार दूर जात नाहीं. घड्याळांत जितका आपसांतला फरक, तितकीच तिची धांव.

या युक्तीची सारी शोभा तिच्या काटकसरींत आहे. दोनच वर्षें अगोदर, २०१२ सालीं, गूगल कंपनीनें याच अडचणीवर केलेला आपला उपाय प्रसिद्ध केला होता : आपल्या यंत्रशाळांतून आण्विक घड्याळें आणि उपग्रहांवरून वेळ घेणारीं उपकरणें बसवावीं, आणि तरीहि जी अनिश्चितता उरेल तेवढा वेळ प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीपूर्वीं थांबावें. ती श्रीमंतांची रीत झाली. कुळकर्णी यांच्या रीतीस साधें घड्याळ व एक उपांक पुरतो, म्हणून आज कॉक्रोचडीबीसारख्या प्रसिद्ध संग्रहप्रणालींत ती वापरली जाते. पुण्याचे उन्मेष जोशी यांनीं वितरित व्यवस्थांच्या रचनापद्धतींवर जो ग्रंथ २०२३ सालीं प्रसिद्ध केला, त्यांतहि या संकरित घड्याळाचें विवेचन आहे. सांगलीस १९४७ सालीं नवें इंजिनियरिंग कॉलेज निघालें, त्याचेंच पुढें वालचंद कॉलेज झालें. तेथें आज संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांनीं हा ग्रंथ आणि क्षेमकल्याणींचा ग्रंथ शेजारीं ठेवून वाचावे, अशी आमची त्यांस आग्रहाची सूचना आहे.

येथवर क्रम झाला. पण आमच्या दोघां बंधूंचें भांडण मिटलें का? नाहीं. त्यांच्या मागण्यांमध्यें कोणताच निरोप गेलेला नाहीं. त्या युगपत् आहेत, आणि युगपत् गोष्टींत आधींची कोणती हा प्रश्न शोधून सुटत नाहीं, तो सर्वांनीं मिळून ठरवावा लागतो. बहुधा एका खात्याचा निवाडा एका मुख्य यंत्राकडे सोंपविलेला असतो, आणि त्याच्या दाराशीं जो निरोप आधीं पोंचला तो आधींचा. पण तें मुख्य यंत्रच बंद पडलें तर गादीवर कोणी बसावें? आणि तें बंद पडलें आहे कीं केवळ त्याचा निरोप वाटेंत अडकला आहे, हें तरी दुरून कसें कळावें? कर्ता पुरुष काशीयात्रेस गेला, वर्षभर पत्र नाहीं. घरच्यांनीं दुसरा कर्ता नेमला, आणि मग पहिला परत आला, म्हणजे जी अवस्था होते, तीच येथें होण्याचें भय असतें.

यावरहि लॅम्पोर्ट यांनींच उपाय शोधला, आणि तो सांगण्याच्या तऱ्हेंत त्यांचा स्वभाव दिसून येतो. १९९० सालीं त्यांनीं निबंध लिहिला तो असा, कीं जणूं काय पॅक्सोस नांवाच्या ग्रीक बेटावर उत्खनन झालें असून तेथील प्राचीन विधिमंडळाचीं दफ्तरें सांपडलीं आहेत. त्या मंडळाचे सभासद आपापल्या उद्योगांत गढलेले. केव्हां येतील, केव्हां उठून जातील याचा नेम नाहीं. प्रत्येकाची वही निराळी. तरी त्यांनीं परस्परविरुद्ध कायदे कधीं केले नाहींत. त्याचें मर्म एवढेंच, कीं निम्म्याहून अधिकांची संमति असल्यावांचून ठराव पास व्हावयाचा नाहीं. पांचांपैकीं कोणतेहि तीन निवडा, आणि पुन्हां कोणतेहि तीन निवडा. दोन्ही तिकडींत निदान एकजण सामाईक निघतोच, आणि तो मागच्या ठरावाची आठवण देतो. या विषयावर व्याख्यानें देतांना लॅम्पोर्ट चित्रपटांतील पुराणवस्तुसंशोधकासारखी टोपी घालून उभे राहत. परिणाम असा झाला कीं श्रोत्यांस टोपी लक्षांत राहिली आणि सिद्धांत विसरला, अशी कबुली त्यांनींच दिली आहे. परीक्षकांसहि ही थट्टा रुचली नाहीं. निबंध छापून येण्यास १९९८ साल उजाडलें. आज तोच सिद्धांत मोठमोठ्या व्यवस्थांच्या पायांत आहे. आमच्या मतें विद्वानानें आपल्या विषयांत इतकी मौज घेणें हा दोष नव्हे. मात्र वर्गांत ती किती घ्यावी याला प्रमाण असावें. याच गृहस्थांस ग्रंथ सुबक छापला जावा याचाहि मोठा छंद. डोनल्ड क्नूथ यांच्या अक्षरजुळणीच्या प्रणालीवर त्यांनीं जी सोपी रचना चढविली तिच्या नांवांत त्यांच्या आडनांवाचीं आद्याक्षरें आहेत, आणि गणितविषयक निबंध लिहिणारा प्रत्येक विद्यार्थी आज ती वापरतो. २०१३ चें ट्यूरिंग पारितोषिक, जें संगणकशास्त्रांत सर्वोच्च मानलें जातें, तें त्यांस मिळालें.

सर्वसंमतीची गोष्ट निघाली म्हणून सांगलीचाच एक दाखला देतों. पंचांगें शुद्ध करावीं व सर्वत्र एक करावीं, यासाठीं १९२० सालीं सांगलीस ज्योतिष संमेलन भरलें. लोकमान्य टिळकांनीं त्यांत भाग घेतला, आणि त्याच वर्षीं १ ऑगस्टला ते निवर्तले. आकाशांतील सूर्यचंद्र सर्वांचे एकच. वेध घेण्यांतहि कोणाची चूक नव्हती. वाद होता तो राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा एवढाच. रेवतीच्या योगतारेपासून आरंभ धरावा हा टिळकपक्ष. चित्रेच्या समोरचा बिंदु आरंभ मानावा हा दुसरा पक्ष. दोहोंत अंतर सुमारें चार अंशांचें, म्हणजे सूर्याच्या चालीनें चारेक दिवसांचें. पण संक्रांत चार दिवस अलीकडे-पलीकडे झाली कीं अधिक मास भलत्याच ठिकाणीं पडतो. २०१२ सालीं याचा प्रत्यय आला. सोलापूरच्या दाते पंचांगाप्रमाणें त्या वर्षीं अधिक भाद्रपद असल्यानें गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला आली. टिळक पंचांगाप्रमाणें भाद्रपद अधिक नव्हताच, त्यामुळें त्या पक्षाच्या घरांतील गणपति ऑगस्टांतच येऊन गेले. घरोघरीं दोन्ही पंचांगें बिनचूक गणित करीत होतीं. बहुमत दुसऱ्या बाजूस होतें. पण बहुमतानें अल्पमतास बांधून घेणारा पॅक्सोसचा नियम पंचांगकर्त्यांनीं कधीं मान्य केलेला नव्हता. गणपति दोनदां आले तर बिघडत नाहीं, मोदक दोनदां होतात. खात्यांतील दहा हजार दोनदां येऊं शकत नाहींत, एवढाच काय तो फरक.

मग यंत्रांचा एकमेकांशीं संबंधच तुटला, आणि बहुमत जमेना, तर काय करावें? एरिक ब्रुअर यांनीं २००० सालीं तर्क केला, आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनीं २००२ सालीं सिद्ध केलें, कीं अशा वेळीं दोन्ही गोष्टी साधत नाहींत : एक तर ताबडतोब उत्तर द्यावें आणि तें चुकण्याचा धोका पत्करावा, किंवा खरें तेंच सांगावें आणि त्यासाठीं ग्राहकास ताटकळत ठेवावें. छायाचित्रें व शुभेच्छा पोंचविणाऱ्या व्यवस्था पहिला मार्ग घेतात; म्हणून दिवाळीच्या दिवशीं घरांतील एकास पुतण्याचा निरोप दिसतो व दुसऱ्यास अर्ध्या तासानें. पैशाच्या व्यवस्था दुसरा मार्ग घेतात. भाजीवाल्यास मोबाइलवरून पैसे देतांना पुष्कळदां पडद्यावर ‘प्रलंबित’ असें उमटतें, आणि मागें रांग वाढत जाते. अशा वेळीं घाईनें पुन्हां रक्कम धाडूं नये. कोठल्या तरी दूरच्या गांवीं एका यंत्रानें दुसऱ्यास पत्र टाकलें आहे, आणि तें उत्तराची वाट पाहत आहे.